भावना, ग्रंथ आणि प्रज्ञा : मद्रासच्या संदर्भात धर्मानंद कोसंबी यांचा 'विशुद्धिमार्ग'

१. प्रास्ताविक

बौद्ध साधनेविषयी मराठीत लिहिताना अडचण भाषेपासूनच सुरू होते. 'समाधी' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आळंदी उभी राहते. संतांनी घेतलेली समाधी, तिच्यावर बांधलेले वृंदावन, तेथे भरणारी यात्रा असा या शब्दाचा परिवार आहे. 'वेदना' म्हणजे मराठीत दुःख किंवा कळ. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि असुखअदुःख अशा तिन्ही अनुभवांना 'वेदना' म्हणतात. 'भावना' हा शब्द मराठीत मनोविकाराचा वाचक आहे. पालीत तो 'भू' धातूच्या प्रयोजक रूपावरून आला असून 'घडवणे, वाढवणे, मशागत करणे' हा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे 'प्रज्ञा ही भावनेने प्राप्त होते' या विधानाचे पालीतील आणि मराठीतील अर्थ जवळजवळ परस्परविरुद्ध होतात.

ही केवळ भाषांतराची तांत्रिक अडचण नव्हे. प्रज्ञा एकदाच होणाऱ्या साक्षात्काराने मिळते की दीर्घकाळच्या मशागतीने वाढते, हा मूलभूत प्रश्न या शब्दांत गुंतलेला आहे. मराठीत या प्रश्नाला ग्रंथरूप देण्याचे श्रेय मुख्यतः धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्याकडे जाते. त्यांच्या जडणघडणीचा विचार सहसा पुणे, काशी, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि हार्वर्ड या स्थळांच्या आधारे होतो. मद्रासचा, म्हणजे आजच्या चेन्नईचा, उल्लेख प्रवासातील एक थांबा म्हणून येतो आणि मागे पडतो. तो थांबा आणि त्याभोवतीचा तमिळ बौद्ध परिसर लक्षात घेतल्यास कोसंबींच्या पुढील कार्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२. मद्रासमधील बौद्ध पुनरुज्जीवन

१८९८ हे वर्ष तमिळ बौद्ध परंपरेच्या आधुनिक इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी 'मणिमेकलै' हे प्राचीन तमिळ बौद्ध महाकाव्य संपादित करून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अयोत्तिदास पंडितर (१८४५–१९१४) कर्नल ऑल्कॉट यांच्या साहाय्याने कोलंबोस गेले, हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या सान्निध्यात त्यांनी पंचशील ग्रहण केले आणि मद्रासला परतल्यावर शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. पुढे १९०७ साली त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' हे साप्ताहिक सुरू केले. तमिळ भूमीतील अस्पृश्य मानले गेलेले समाज हे मूळचे बौद्ध होत, ही त्यांची भूमिका या साप्ताहिकातून सातत्याने मांडली गेली.

याच नगरात महाबोधी सभेची शाखा होती. तिच्या कार्यात वकील म. सिंगारवेलू आणि प्राध्यापक पो. लक्ष्मी नरसू हे प्रमुख होते. सिंगारवेलू पुढे कामगार चळवळीत शिरले आणि १९२३ साली मद्रासमध्ये त्यांनी मे दिन साजरा केला. नरसू हे विज्ञानाचे अध्यापक होते. त्यांचा बौद्ध धर्मावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९०७ साली निघाला. त्याच्या प्रकरणांत बौद्ध धर्माची बुद्धिनिष्ठता, नीती, जातिभेद आणि स्त्रियांचे स्थान या विषयांना आरंभीच जागा दिलेली आहे. चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग त्यांच्यानंतर येतात. विषयांच्या या क्रमातूनच मद्रासमधील बौद्ध विचाराची दिशा ध्यानात येते.

कोसंबी मद्रासला आले ते १९०३ साली. गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या या तरुणाने 'बाळबोधमेवा' या मासिकातील बुद्धचरित्र वाचून ज्ञानाच्या ओढीने १८९९ साली घर सोडले होते. पुणे व काशी येथील संस्कृत अध्ययन, नेपाळची निराशाजनक यात्रा आणि बुद्धगया असे टप्पे करीत १९०२ साली ते श्रीलंकेस पोहोचले. तेथे विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या आश्रयाने त्यांनी पालीचा अभ्यास केला व श्रामणेरदीक्षा घेतली. म्हणजे अयोत्तिदासांना पंचशील देणारे आणि कोसंबींना पालीच्या वाटेवर नेणारे आचार्य एकच होते. एका आचार्यापासून निघालेल्या या दोन धारांपैकी एक दलित समाजाच्या इतिहासशोधाकडे गेली, दुसरी ग्रंथसंपादन व ध्यानसाधनेकडे. मद्रासच्या मुक्कामानंतर कोसंबी ब्रह्मदेशास गेले. तेथील विहारांत त्यांनी भिक्षुजीवन व ध्यानाभ्यास केला आणि १९०६ च्या सुमारास चीवर ठेवून ते कलकत्त्यास अध्यापनाकडे वळले. 'निवेदन' (१९२४) या आत्मचरित्रात हा सर्व प्रवास अत्यंत संयत, अलंकरणरहित गद्यात आला आहे.

३. कांची, बुद्धघोष आणि 'मणिमेकलै'

कोसंबींनी आयुष्यभर ज्या ग्रंथाचा पाठपुरावा केला तो म्हणजे आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग'. हा ग्रंथ पाचव्या शतकात श्रीलंकेत, अनुराधपूरच्या महाविहारात रचला गेला. परंतु त्याच्या कर्त्याचा तमिळ भूमीशी निकटचा संबंध होता. बुद्धघोषांच्या अट्ठकथांच्या समाप्तिलेखांतून ते कांचीपुरात राहिल्याचे समजते. 'मयूर' शब्दाने आरंभ होणाऱ्या ज्या पत्तनाचा तेथे उल्लेख आहे, ते काही अभ्यासकांच्या मते चेन्नईतील आजचे मैलापूर होय. परंपरेने बुद्धघोषांना बुद्धगयेजवळचे ब्राह्मण मानले. कोसंबींनी मात्र ग्रंथांतर्गत पुराव्यांची छाननी करून ही समजूत नाकारली व ते दक्षिणेतील, तेलुगु प्रदेशातील असावेत असे प्रतिपादन केले. संस्कृत पंडिती परंपरेत वाढलेल्या, जन्माने ब्राह्मण असलेल्या संशोधकाने आपल्या सर्वांत प्रिय आचार्याचे ब्राह्मण्य पुराव्याअभावी अमान्य करावे, ही गोष्ट त्यांच्या ज्ञाननिष्ठेची द्योतक आहे.

'मणिमेकलै'चा उत्तरार्धही कांचीतच घडतो. सीत्तलै सात्तनार यांच्या या तीस सर्गांच्या काव्यात नायिकेची ज्ञानयात्रा विशिष्ट क्रमाने मांडलेली आहे. सत्ताविसाव्या सर्गात ती वंजी नगरीत निरनिराळ्या दर्शनांच्या आचार्यांकडून त्यांची मते ऐकून घेते. पुढे ती कांचीत येते. एकोणतिसाव्या सर्गात अरवण अडिगळ तिला प्रमाणशास्त्र शिकवतात. तिसाव्या सर्गात प्रतीत्यसमुत्पादाचा उपदेश ऐकून ती भवबंधन तोडण्यासाठी तपाचरणास प्रवृत्त होते. काव्य येथे संपते. साधनेच्या फळाचे वर्णन कवी करीत नाही.

पाली परंपरेतील प्रज्ञेच्या तीन प्रकारांशी हा क्रम ताडून पाहण्यासारखा आहे. 'सुतमया' म्हणजे ऐकून आलेली, 'चिन्तामया' म्हणजे स्वतःच्या विचाराने आलेली आणि 'भावनामया' म्हणजे साधनेने परिपक्व झालेली प्रज्ञा. श्रवण, तर्क आणि आचरण अशी 'मणिमेकलै'तील रचना या त्रयीचेच काव्यरूप वाटते. अभ्यासकांनी तार्किक सर्गांची गणना काव्यबाह्य, शास्त्रीय भाग म्हणून केलेली आढळते. परंतु भावनामय प्रज्ञेकडे जाण्यासाठी चिंतनाचा टप्पा अपरिहार्य आहे, हे लक्षात घेतले की त्या सर्गांचे कथानकातील स्थान उमगते. नायिकेला तर्क शिकवल्याशिवाय तपाला बसवणे कवीला मान्य नाही.

४. विशुद्धीचा क्रम

'विसुद्धिमग्गा'ची तेवीस प्रकरणे शील, समाधी व प्रज्ञा अशा तीन भागांत विभागलेली आहेत. पहिली दोन शीलाची, तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंतची समाधीची आणि चौदाव्यापासून पुढची प्रज्ञेची. साधकाने प्रथम कल्याणमित्र शोधावा, मग आपल्या स्वभावास अनुकूल असे कर्मस्थान, म्हणजे ध्यानाचा विषय, घ्यावा असे हा ग्रंथ सांगतो. स्वभावाचे सहा वर्ग केले आहेत : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी व वितर्क यांपैकी एकाचे प्राधान्य असलेले. कर्मस्थाने चाळीस आहेत : दहा कसिणे, दहा अशुभे, दहा अनुस्मृती, चार ब्रह्मविहार, चार अरूप ध्याने, आहाराविषयीची प्रतिकूल संज्ञा आणि चार धातूंचे व्यवस्थापन. द्वेषचरिताला मैत्री, वितर्कचरिताला श्वासाची स्मृती अशी योजना येथे आढळते. साधना सर्वांना एकच नसते, हे या मांडणीचे गृहीत आहे.

प्रज्ञाभागाच्या आरंभी बुद्धघोषांनी दिलेला नाण्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. फळीवर नाण्यांची रास पडली आहे. अजाण मुलाला तिचा रंग व आकार तेवढा दिसतो. गावकऱ्याला या नाण्यांनी खरेदी करता येते हे कळते. सराफाला मात्र नाणे खरे की खोटे, ते कोठे व कोणी पाडले हेही हाताळून सांगता येते. संज्ञा, विज्ञान व प्रज्ञा यांतील भेद असा समजावला आहे. या दृष्टांतातील मर्म सराफाच्या ज्ञानाच्या स्वरूपात आहे. ते पुस्तकात पाहून येत नाही, तसेच एखाद्या दिव्य क्षणी उतरत नाही. हजारो नाणी हाताखालून गेल्यावर बोटांत मुरते. प्रज्ञेला काळाची गरज का असते याचे इतके नेमके उत्तर दुसरे मिळणे कठीण.

काळाची ही जाणीव सात विशुद्धींच्या कल्पनेतही आहे. तिचे मूळ मज्झिमनिकायातील रथविनीतसुत्तात आढळते. श्रावस्तीहून साकेतास तातडीने जाणारा राजा वाटेत सात रथ बदलतो. प्रत्येक रथ पुढच्या रथापर्यंतच नेतो आणि तेथे तो सोडावा लागतो. शीलविशुद्धी चित्तविशुद्धीसाठी, चित्तविशुद्धी दृष्टिविशुद्धीसाठी, असा हा क्रम चालतो. रथाला चिकटून बसणारा प्रवासी साकेतास पोहोचत नाही.

पाचव्या विशुद्धीचे विवेचन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मार्ग कोणता व अमार्ग कोणता हे ओळखण्याची ही पायरी. विपश्यना वाढू लागली की साधकाला प्रकाश दिसतो. प्रीती, शांती, सुख, तीव्र श्रद्धा यांचा अनुभव येतो. असे दहा अनुभव बुद्धघोषांनी गणले असून त्यांना 'उपक्लेश' म्हटले आहे. यांपैकी बहुतेक स्वतः वाईट नाहीत. त्यांनाच प्राप्ती समजून साधक थांबतो, म्हणून ते उपक्लेश ठरतात. साधनेतील खरा धोका अपयशाचा नसून अकाली यशाचा आहे, अशी ही दृष्टी आहे. मराठी संतवाङ्मयातही प्रकाश व नाद यांचे अनुभव येतात. तुलनात्मक अभ्यास करताना असे अनुभव त्या त्या परंपरेत कोणत्या पायरीवर ठेवलेले आहेत हे पाहणे, केवळ त्यांचे साम्य नोंदवण्यापेक्षा अधिक फलदायी ठरेल.

५. ग्रंथ : अडथळा की साधना?

समाधीच्या आड येणाऱ्या दहा 'पलिबोधां'ची, म्हणजे अडथळ्यांची, यादी बुद्धघोषांनी दिली आहे. निवास, कुल, लाभ, गण, काम, प्रवास, नातलग, आजार, ग्रंथ आणि ऋद्धी असे हे दहा अडथळे. ग्रंथाध्ययन हा त्यांतील एक असावा, हे एका महाग्रंथात वाचताना नवल वाटते. पण त्याच ठिकाणी एका थेराची कथा येते. त्याने एकोणीस वर्षे पाठांतर बाजूला ठेवून साधना केली व विसाव्या वर्षी अर्हत्त्व मिळवले. त्यानंतर त्याला विचारले असता संपूर्ण पाठात त्याला कोठेही शंका उरली नव्हती. ग्रंथ सोडावा, पण तो नष्ट होत नाही. साधनेतून तो परत येतो, असा या कथेचा आशय.

कोसंबींचे जीवन या पेचाचेच उदाहरण आहे. हार्वर्ड येथे हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी कोसंबी १९१० साली अमेरिकेस गेले. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्याने १९१२ साली ते परतले. पुढे पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. हार्वर्डला ते पुन्हा गेले. ती रोमन लिपीतील आवृत्ती अखेर १९५० साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. दरम्यान १९४० साली त्यांनी नागरी लिपीत स्वतंत्र आवृत्ती काढली आणि १९४३ साली तिच्यावर 'दीपिका' ही पाली टीका लिहिली. श्रीलंकेतील पहिल्या पाठापासून या टीकेपर्यंत चार दशके गेली.

या चार दशकांच्या मध्यावर, १९२५ साली, 'समाधिमार्ग' हे छोटे मराठी पुस्तक आले. बुद्धघोषांच्या मांडणीचा सारांश सामान्य मराठी वाचकासाठी देणे हा त्याचा हेतू. त्यातील गद्याचे वैशिष्ट्य असे की पारिभाषिक शब्द टाळलेले नाहीत व सजवलेलेही नाहीत. 'समाधी' म्हणजे कुशल चित्ताची एकाग्रता, हा अर्थ प्रथम पक्का करून मगच विषय पुढे जातो. ध्यानाविषयीच्या मराठी लेखनात गूढतेला असलेले महत्त्व पाहता ही वृत्ती वेगळी उठून दिसते. कोसंबी स्वतःच्या ध्यानानुभवांविषयी 'निवेदना'तही फारसे बोलत नाहीत. उपक्लेशांचे विवेचन ज्याने मन लावून वाचले त्याचे हे मौन समजण्यासारखे आहे.

६. प्रज्ञेचा दुसरा अर्थ

मद्रासमधील बौद्धांनी प्रज्ञेचा जो अर्थ पुढे आणला तो मात्र निराळा होता. अयोत्तिदासांसाठी प्रज्ञा म्हणजे समाजाच्या विस्मृत इतिहासाचे पुनर्ज्ञान. नरसूंसाठी ती अंधश्रद्धा व जातिभेद यांना नाकारणारी बुद्धिनिष्ठा. नरसूंच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. बौद्ध धर्माची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांना त्यांनी त्या ग्रंथाची शिफारस केली. मद्रासच्या विचारधारेचा महाराष्ट्राशी जुळलेला हा सर्वांत ठळक धागा होय.

आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्याच्या धम्मावरील ग्रंथात समाधीविषयी एक सूक्ष्म भेद केलेला आहे. नुसत्या समाधीने चित्तातील अडथळे काही काळ दबतात. ती अवस्था ओसरली की ते परत येतात. सम्यक् समाधी मनाला कुशलाकडे कायमचे वळण लावते, त्याला सवय जडवते. येथे ध्यानाचा अव्हेर नाही. त्याची कसोटी मात्र आसनावरून उठल्यानंतरच्या जीवनात आहे. उपक्लेशांविषयी बुद्धघोषांनी दिलेला इशारा आणि हा भेद यांची भाषा भिन्न असली तरी रोख एकच आहे : अनुभव म्हणजे प्रज्ञा नव्हे. मात्र बुद्धघोषांचा साधक अरण्यातील भिक्षू आहे, तर आंबेडकरांचा साधक अन्यायग्रस्त समाजातील नागरिक आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या बाबतीत प्रज्ञेला करुणा व समता यांची जोड अटळ ठरते. कोसंबींनाही या बाजूची जाणीव होती. १९३० च्या सत्याग्रहातील त्यांचा सहभाग आणि १९३७ साली मुंबईतील परळ येथे, श्रमिकांच्या वस्तीत, बहुजन विहाराची उभारणी ही तिची साक्ष होय.

७. १९६९ नंतर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साधनेची परंपरा ब्रह्मदेशातून पुन्हा भारतात आली. सयाजी ऊ बा खिन यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ च्या जुलैत मुंबईत पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले आणि त्यानंतरचे शिबिर त्याच वर्षी मद्रासमध्ये झाले. पुढे इगतपुरीचे 'धम्मगिरी' हे या कार्याचे मुख्य केंद्र बनले. चेन्नईच्या परिसरात तिरुमुडिवाक्कम येथे 'धम्मसेतु' हे केंद्र आहे. शिबिराच्या रचनेत शील, समाधी व प्रज्ञा हाच क्रम दिसतो : आरंभी शीलग्रहण व मौन, पहिले तीन दिवस आनापान, त्यानंतर शरीरातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण आणि अखेर मैत्री. पालीतील 'वेदना' या संज्ञेसाठी गोयंकांनी 'संवेदना' हा पर्याय रूढ केला आणि आरंभी निर्दिष्ट केलेली भाषिक अडचण बऱ्याच अंशी दूर केली.

दहा दिवस हा येथे आरंभ मानला जातो. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तासाचा नित्याभ्यास अपेक्षित असतो. सतिपट्ठानसुत्तावरील शिबिरात प्रवेशासाठी आधीची तीन शिबिरे आवश्यक असतात, आणि वीस, तीस, पंचेचाळीस दिवसांची शिबिरे दीर्घ अभ्यास असणाऱ्यांसाठीच असतात. यात सुत्ताचे श्रवण, त्यावरचा विचार व प्रत्यक्ष निरीक्षण यांचा मेळ घातलेला दिसतो. तथापि बुद्धघोषांच्या चाळीस कर्मस्थानांऐवजी सर्वांसाठी एकच पद्धत येथे स्वीकारलेली आहे. त्यामुळे साधना लोकसुलभ झाली, पण स्वभावभेदाचा विचार तितकाच मागे पडला.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठीतील बौद्ध साधनाविचार हा केवळ पाली-मराठी असा द्विभाषिक व्यवहार नाही. त्यात श्रीलंका, कांची व मद्रास यांचा तमिळ-सिंहली दुवा आहे आणि तुलनात्मक अभ्यासात त्याला स्थान मिळणे आवश्यक आहे. दुसरी, 'भावनामय प्रज्ञा' ही संकल्पना काव्य, शास्त्रग्रंथ व आत्मचरित्र या तीन भिन्न वाङ्मयप्रकारांत भिन्न रीतींनी प्रकटते. 'मणिमेकलै'त ती कथानकाचा क्रम ठरवते, 'विसुद्धिमग्गा'त प्रकरणांची रचना, तर 'निवेदना'त लेखकाचा संयम. तिसरी, ध्यानाने मिळणारी प्रज्ञा आणि समाजबदलाची प्रज्ञा यांत निवड करावी लागते, असा जो समज आढळतो त्याला १९०० च्या आसपासचे मद्रास दुजोरा देत नाही. एकाच आचार्याच्या सान्निध्यातून निघालेले दोन प्रवास तेथे शेजारी शेजारी दिसतात. महाराष्ट्रात या दोन धारा पुढे फार काळ एकमेकींपासून दूर वाहिल्या. त्यांचा उगम जवळचा होता याचे भान ठेवून दोन्हींचे ग्रंथ एकत्र वाचले जाणे, हे पुढील अभ्यासाचे काम आहे.